घरी येणारी पेशंट केअर सर्विस, बेळगाव: मराठी माणूस मागितला, कानडी मामा आले (साडेतीन स्टार)

एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण बेळगाव लहान आहे आणि ज्या माणसाबद्दल मला चांगलं लिहायचंय तो त्यांच्याकडंच कामाला आहे. पण ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या आप्पांना फुफ्फुसाचा कॅन्सर. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले आता घरी न्या, दुखू नये एवढंच बघा. घर वडगावात. ताई खानापूरला दिलेली, तिची सासू पण अंथरुणावर, ती किती धावणार. राहिलो मी. मी हुबळीला असतो, दोन तासाचा रस्ता, पण नऊ वर्षांत मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. ताईनं फोनवर एवढंच म्हटलं, "येणार असशील तर आत्ता ये, नंतर येऊन काय करणार हाईस?"

भांडण काय तर बायको धारवाडची, कानडी. आता बेळगावात असली लग्नं काय कमी होतात का, पण आप्पा म्हणजे १९८६ च्या कन्नडसक्ती आंदोलनात पायावर लाठी खाल्लेला माणूस. १ जूनला, त्या आंदोलनात गेलेल्यांच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जाणार म्हणजे जाणार, १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत काळी फीत लावून चालणार, २०१४ ला सरकारनं बेळगावी केलं तरी पत्त्यात बेळगावच लिहिणार. आमची पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी. ती नेमकी कानडी बाजू वर होऊन त्यांच्या हातात पडली. लग्नाला आले नाहीत, मी पण परत ये म्हणायची वाट बघत बसलो, आणि त्यातच नऊ वर्षं गेली.

तर मुद्द्याला येतो. फोनवर तीनदा सांगितलं की माणूस मराठी बोलणारा पाहिजे, आमच्या वडिलांना कानडी येत नाही, आणि आलं तरी ते बोलणार नाहीत. हो सर, हो सर. चोवीस तासाचा माणूस, दिवसाला अकराशे, डिपॉझिट दहा हजार, वर बेड, एअर मॅट्रेस आणि ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं. सकाळी दारात मामा उभे. बैलहोंगलकडचे, वय पन्नाशीच्या पुढं, मराठी म्हणजे "नमस्कार" आणि "पाणी". मी ऑफिसला फोन लावला तर म्हणे दोन दिवसात बदलून देतो. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

पण मामांचं काम एक नंबर, ते लिहायलाच पाहिजे. एअर मॅट्रेस आहे म्हणून पेशंटला तसंच पडू द्यायचं नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची हे त्यांनी रात्रीसुद्धा कधी चुकवलं नाही, आणि शेवटपर्यंत आप्पांच्या पाठीला एक जखम झाली नाही. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या तसं यांनी लगेच विचारलं, पोट साफ व्हायचं औषध लिहून दिलंय का, कारण त्या गोळीनं पोट धरतंच. दिलेलं नव्हतं, मी डॉक्टरांना फोन करून लिहून घेतलं. धाप लागली की टेबलफॅन तोंडासमोर हळू लावायचा, त्यानं खरंच बरं वाटतं पेशंटला, हे पण त्यांनीच दाखवलं. तोंड कोरडं पडलं की ओल्या गॉजनं पुसायचं. ह्यातलं एक पण एजन्सीच्या छापील कागदावर नव्हतं.

ऑक्सिजनच्या मशीनबद्दल: मिनिटाला पाच लिटरवालं दिलं, चाललं नीट, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला आणि जाळी धुवा, बस. पण लाईट गेली की बंद, आणि घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर ते टिकत नाही हे देताना कुणी बोललं नाही. पहिल्याच वळवाच्या पावसात लाईट गेली आणि आमची पळापळ. सिलिंडर आधीच आणून ठेवा, माझ्यासारखं रात्री साडेअकराला दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बांधून आणू नका. गंमत म्हणजे आवाजाचा मला त्रास व्हायचा, एका लयीत फस् ठक, फस् ठक, पण आप्पांनी चाळीस वर्षं माग चालवलेला, ते त्या आवाजात गाढ झोपायचे. लाईट गेल्यावर जागे होऊन म्हणाले, "माग का बंद केलासा रे?"

आता कानडीचं. मामा बोलणार कानडी, आप्पा बोलणार मराठी, म्हणजे मध्ये मी. "नीरु बेकेन्री अज्जारे?" की मी सांगणार, आप्पा पाणी पाहिजे काय विचारतायत. आप्पा म्हणणार, "सांग त्याला, नको." मी सांगणार बेडा. दिवसभर हेच. मला खोलीतून हलताच येईना. लॅपटॉप घेऊन बाहेर कट्ट्यावर बसलो की पाच मिनिटात आतून हाक, "अरे, हा काय म्हणतोय बघ की." आधी मी वैतागायचो, पैसे देऊन माणूस ठेवलाय आणि ड्युटी माझीच.

मामांना बोलायची भारी हौस. एका दुपारी अंग पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, मुलगा हुबळीत एवढ्या जवळ, मग घरात ह्याचा एक पण फोटो कसा नाही, येत नव्हता काय? आता हे मी मराठीत आप्पांना विचारायचं. टाळता आलं असतं, पण आप्पा बघत होते, "काय म्हणतोय?" मग विचारलं. आप्पा बराच वेळ फॅनकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सांग त्याला, मीच ये म्हटलं नाही."

मी मामांकडं वळलो आणि तोंडातून भलतंच आलं. "नाने बरलिल्ल." मीच आलो नाही.

मामांनी मान डोलवली, टॉवेल पिळला. आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं दमले.

त्यानंतर चार-पाच रात्रींनी मी खाली चटईवर पडलेलो, झोपलोय असं दोघांना वाटलं असणार. मामा चमच्यानं पेज भरवत होते आणि वरून आप्पांचा आवाज आला, हळू पण स्वच्छ, "साकु री, साकु." पुरे हो, पुरे. मग मामा काहीतरी पुटपुटले बैलहोंगलच्या बाजाराबद्दल आणि आप्पा त्याच्यावर हसले, आणि म्हणाले तिथल्या व्यापाऱ्याकडं आमचं सूत जायचं, तेही कानडीतच, माझ्यापेक्षा बऱ्या कानडीत. मी तसाच पडून राहिलो. आमच्या घरात आजवर जे जे कानडीत बोललो असेन, बायकोशी फोनवर, अगदी ह्या खोलीत उभं राहून, ते सगळं आठवत बसलो. आणि त्या दुपारचं.

सकाळी मामा म्हणाले, "नीरु बेकेन्री?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, आप्पा, पाणी पाहिजे काय विचारतायत. "सांग, हो."

१ जूनला मला पहाटे उठवलं, म्हणाले जाऊन ये हिंडलग्याला, माझ्या नावानं फूल वाहा. गेलो. परत आलो तर हळूच म्हणतात, "मामाला सांगू नको हां कुठं गेल्तास ते, उगाच वाईट वाटंल त्याला." त्याच आठवड्यात बायको आणि पोरगी आल्या. बायको आपल्या मोडक्या मराठीत जेवला काय म्हणाली, तर हे तिला काही बोलले नाहीत, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "हिला नीट मराठी शिकीव की रे." म्हणजे शेवटपर्यंत आप्पाच.

गेले ते पहाटे. मामांची चोवीस तासांची ड्युटी सहाला संपायची होती पण ताई खानापूरहून येईपर्यंत थांबले, आंघोळ घालायला हात लावला. त्याचे जादा पैसे एजन्सीनं लावले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहितो.

बेड आणि मशीन दोन दिवसात घेऊन गेले. डिपॉझिट मात्र एकोणीस दिवसांनी. शेवटच्या फोनला तिकडच्या मुलीनं फीडबॅक म्हणून विचारलं, सर, भाषेचा काही प्रॉब्लेम आला का? म्हटलं आला, मराठी माणूस सांगितला होता, पहिल्या दोन दिवसांचे पैसे कमी करा.

केले नाहीत.