नऊ महिने, सातशे चाळीस गोळ्या: एआर-१५ साठी ६.५ ग्रेंडेल घेतलं त्याचा हिशेब

एआर-१५ या माझ्या रायफलीचं कॅलिबर, म्हणजे तिच्यात कुठल्या मापाचं काडतूस चालवायचं ते, ठरवताना मी तीन आठवडे तक्ते वाचले. किती यार्डांवर गोळी किती इंच खाली येते, वाऱ्यानं किती सरकते, नळी दोन इंचांनी तोकडी केली तर वेग किती पडतो, सगळं पाठ झालं होतं. नंतर नऊ महिने ज्यानं डोकं खाल्लं ते मात्र एकाही तक्त्यात नव्हतं. मॅगझिन. गोळ्या भरायचा पत्र्याचा तो साधा डबा.

मी टेक्ससमध्ये ऑस्टिनला राहतो, मूळचा कुडाळकडचा. आजोबांकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि एकच बार. चुकला की डुक्कर भाताची नासाडी करून मोकळं. इकडे आलो तर इथेही डुकरंच. लॅनोच्या बाजूला एक रान मी, मेहुणा आणि त्याचा ऑफिसातला मित्र असे तिघं मिळून भाड्यानं घेतो. मालकाला हरणांपेक्षा डुकरांचाच जास्त वैताग. एका रात्रीत अख्खं कुरण नांगरल्यासारखं उलथून ठेवतात.

गावाकडचे मित्र विचारतात, "स्वप्नील कुसाळेची असते तशीच का रे?" नाही. पॅरिसला २०२४ मध्ये त्यानं कांस्य मिळवलं ते ५० मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये, .२२ बोअरच्या रायफलनं, एकेक गोळी भरून. ही वेगळी जात. एक बार काढला की पुढची गोळी आपोआप नळीत येते, चाप मात्र दर वेळी दाबावा लागतो. डुकरं दहा-बाराच्या कळपानं येतात आणि पहिल्या आवाजाला पांगतात, म्हणून इथे तिचा उपयोग.

कायद्याचं दोन ओळीत सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. एच-वनवर असताना मी बंदुकीच्या वाटेला गेलो नाही. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना इथे बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे, शिकारीचा परवाना असला तर सूट आहे, पण नोकरी आणि व्हिसा पणाला लावून त्या फटीतून कोण जाणार? ग्रीनकार्ड आल्यावर दुकानात फॉर्म ४४७३ भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि खालचा भाग, म्हणजे लोअर, घरी आणला. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तोच तुकडा. वरचा अप्पर नळीसकट तयार जोडलेला मिळतो आणि दोन पिनांवर बसतो. म्हणूनच कॅलिबर बदलायची चैन या रायफलीत परवडते. टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकरांसाठी २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. हरणाला लागतो.

सुरुवात सगळ्यांसारखी २२३ या नेहमीच्या काडतुसानं केली. ५५ ग्रेनची गोळी, म्हणजे साडेतीन ग्रॅम. चालते, नाही असं नाही. पण एका नराला माझी गोळी जरा मागे लागली आणि तो सीडरच्या झुडपांत शिरला. दोघांनी टॉर्च घेऊन दोन तास शोधला, मिळाला नाही. दोष माझ्या नेमाचा होता. तरी घरी येताना गाडीत ठरवलं की जरा जड गोळीचं काहीतरी बघायचं.

बघायला लागल्यावर कळलं की सगळी गोम एका मापात आहे. एआर-१५ च्या मॅगझिनमध्ये काडतुसाची लांबी २.२६ इंचांपलीकडे जाऊ शकत नाही. त्याहून लांब हवं तर ३०८ या मोठ्या काडतुसाची थोरली रायफल घ्या आणि जास्तीचं वजन खांद्यावर वागवा. तेव्हा लोकांनी जी काही डोकी लढवली ती या सत्तावन्न मिलिमीटरांच्या आतच. ३५० लेजंड हे विंचेस्टरचं २०१९ चं सरळ नळकांड्याचं काडतूस, ओहायो-मिशिगनसारख्या राज्यांत हरणांसाठी बाटलीच्या आकाराच्या काडतुसांवर निर्बंध होते म्हणून आलेलं. टेक्ससमध्ये तशी अट नाही, सोडलं. ६.८ एसपीसी एके काळी खूप गाजलं, पण आमच्याकडच्या मोठ्या दुकानात त्याच्या दोन पेट्या होत्या आणि दोन्हींवर धूळ. तेही सोडलं.

राहिले दोघे: ३०० ब्लॅकआउट आणि ६.५ ग्रेंडेल.

ब्लॅकआउट मेहुण्याकडे आहे. त्याचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दट्ट्या, २२३ चाच, मॅगझिन २२३ चंच, बदलायची ती फक्त नळी. जड २०० ग्रेनच्या आसपासची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू मारता येते, सायलेन्सर लावला की शेजारच्या मचाणावरल्यालाही नीट कळत नाही. पण त्याची एक भीती मी कधी विसरत नाही. मॅगझिन तेच असल्यानं ब्लॅकआउटचं काडतूस चुकून २२३ च्या नळीत बसू शकतं आणि तसा बार काढला तर रायफल हातात फुटते. मेहुण्यानं त्याच्या सगळ्या मॅगझिनांना लाल चिकटपट्टी गुंडाळलीय, आणि दोन्ही रायफली एकाच दिवशी गाडीत ठेवायच्या नाहीत असा बहिणाबाईंचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हुकूम आहे. तो हुकूम मोडायची दोघांचीही छाती नाही.

ग्रेंडेलची कुळी निराळी. बिल अलेक्झांडरनं २००३ मध्ये ते बाजारात आणलं, २०११ मध्ये सामी या इथल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं त्याची मापं पक्की केली. मूळ .२२० रशियन नावाचं काडतूस. आखूड आणि ढेरपोटं नळकांडं, त्यावर लांबट, निमुळती गोळी. नाव साडेसहा मिलिमीटर असलं तरी गोळीचा व्यास ६.७ भरतो, कॅलिबरांच्या नावांवर कधी विश्वास ठेवू नये. १२३ ग्रेनची, म्हणजे आठ ग्रॅमची गोळी. कारखान्याच्या खोक्यावर सेकंदाला २५८० फूट लिहिलेलं असतं, पण ते चोवीस इंची नळीतलं. माझी नळी अठरा इंची, वेग मोजायच्या क्रोनोग्राफवर सरासरी २४५५ आली.

१०० यार्डांवर शून्य केलं, म्हणजे नेम तिथे बरोबर लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर ३०० ला ती पंधरा-सोळा इंच खाली येते. ब्लॅकआउटची वेगवान गोळीसुद्धा तिथे दोन फुटांच्या आसपास खाली. हा तक्ता बघून मी ग्रेंडेल घेतलं. आता वहीतला हिशेब सांगतो. नऊ महिन्यांत एकोणीस डुकरं आणि एक हरीण. सगळ्यात लांबची गोळी १८५ यार्डांवर. वीसपैकी चौदा १०० च्या आत, डुकरांना खेचायला मका सांडणाऱ्या फीडरपाशी. ३०० यार्डांवर मी फक्त लोखंडी पाट्या वाजवल्या.

तरीही रायफल आवडली हे खरंच सांगतो. धक्का २२३ पेक्षा जास्त, पण ३०८ च्या पासंगालाही नाही. बायको एका बैठकीत चाळीस गोळ्या मारते आणि खांदा चोळत नाही. हॉर्नडी कंपनीची १२३ ग्रेनची ईएलडी मॅच ही निशाण्याची गोळी १०० यार्डांवर पाच बार सव्वा इंचाच्या घेऱ्यात बसवते. शिकारीला त्यांचीच एसएसटी वापरतो, ती दीड इंच, आणि दोन्हींचा शून्य जवळपास सारखा असल्यानं दुर्बिणीची बटणं फिरवावी लागत नाहीत. मारलेल्या एकोणीसपैकी पंधरा डुकरं जागच्या जागी किंवा वीस पावलांत बसली. दोन रात्री शोधाशोध झाली, पण हरवलं एकही नाही.

आता मॅगझिन. ग्रेंडेलचं नळकांडं जाड, त्यामुळे त्याला मॅगझिन वेगळं लागतं. गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या ओठांची रुंदी वेगळी आणि आतली गोळ्या वर ढकलणारी पट्टीही वेगळी. बाहेरून मात्र हुबेहूब २२३ सारखं दिसतं. मी तीन मॅगझिनं घेतली, दोन एका कंपनीची, एक दुसऱ्या. मार्चमध्ये रेंजवर सगळी बरी चालली. मेमधली संध्याकाळ मात्र विसरत नाही.

साडेआठ वाजले होते, उजेड जेमतेम. मी आणि मेहुणा एकाच मचाणात. फीडर फिरला, मका सांडला आणि पाच मिनिटांत सीडरमधून अकरा डुकरं आली. थोरली मादी आडवी उभी राहिली, ९० यार्ड. बार काढला, जागेवर बसली. बाकीची पळण्याआधी क्षणभर गोंधळतात, तो क्षण हवा असतो. मी दुसऱ्या डुकरावर नेम धरून चाप ओढला तर नुसती टिक.

"भावोजी, मारा ना!"

"मारतोय कशानं? अडकलीय!"

खाली बघितलं तर दुसरी गोळी नाक खाली घालून मॅगझिनच्या पुढच्या भिंतीत रुतली होती आणि बोल्ट तिच्या पाठीवर चढून बसला होता. मॅगझिन ओढून काढलं, बोल्ट मागे घेतला, गोळी बाहेर पडली. तिचं टोक चेपून तिरकं झालेलं. वर बघेतो फीडरपाशी मका, धूळ आणि ती एक मादी. सेमी-ऑटोमॅटिकच्या नावानं एवढे पैसे ओतले आणि आजोबांसारखा एकच बार! फरक इतकाच की ठासणीच्या बंदुकीनं कधी मॅगझिनभर गोळ्यांची बढाई मारली नव्हती.

पुढच्या शनिवारी तिन्ही मॅगझिनांवर खडूनं नंबर घातले आणि प्रत्येकातून साठ गोळ्या मोजून काढल्या. एक आणि तीन नंबर, एकही अडथळा नाही. दोन नंबर, जो एकच्याच कंपनीचा आणि त्याच पाकिटातला, साठात सातदा अडकला, आणि दर वेळी पहिल्या तीन गोळ्यांत. दोन गोळ्या कमी भरून बघितलं तर दोनदाच. कंपनीला फोटो पाठवले, अडीच महिन्यांत उत्तर नाही. तो डबा आता गॅरेजमध्ये सुटे स्क्रू ठेवायला आहे. नवं कुणी ग्रेंडेल घेत असेल तर मॅगझिनं चार घ्या, त्यातलं एक वाया जाणार असं धरूनच चाला, आणि शिकारीला नेण्याआधी प्रत्येकातून निदान पन्नास गोळ्या मारून बघा.

दुसरी काळजी बोल्टची. २२३ च्या काडतुसाच्या बुडाचा व्यास .३७८ इंच, ग्रेंडेलचा .४४ च्या आसपास, म्हणून ग्रेंडेलच्या बोल्टचं तोंडही मोठं लागतं. बाहेरचं माप तेच ठेवून आतून कोरायचं म्हणजे भिंत पातळ होणार आणि काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरही बारीक होणार. त्यात बाजारात या तोंडाची खोली दोन मापांत मिळते, .१२५ आणि .१३६ इंच, टाइप वन आणि टाइप टू म्हणतात. सामीच्या मापाशी जुळते ती दुसरी. एकीची नळी आणि दुसरीचा बोल्ट असा संसार मांडायचा नाही, हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक, चुकते. नळी आणि बोल्ट एकाच ठिकाणाहून, एकमेकांना जुळवून मापलेले घ्यावेत. वीस डॉलर वाचतील म्हणून मी वेगळा बोल्ट बघत होतो, दुकानातल्या म्हाताऱ्यानं काउंटरवरून नुसती मान हलवली आणि मी शहाणा झालो.

गोळ्यांच्या खर्चाचं रडगाणं थोडक्यात. वीसच्या खोक्याला मला अठ्ठावीस ते बत्तीस डॉलर पडतात. २२३ ची सरावाची गोळी त्याच्या निम्म्याहून कमीत मिळते. पूर्वी ग्रेंडेलला रशियाहून पोलादी नळकांड्याची स्वस्त गोळी यायची, जुने लोक तिची आठवण काढून उसासे टाकतात. २०२१ मध्ये अमेरिकेनं रशियन दारूगोळ्याचे नवे आयात परवाने बंद केले आणि तो झरा आटला. त्यामुळे मी सराव २२३ च्या जुन्या अप्परवर करतो, आणि शिकारीच्या आधी ग्रेंडेलच्या दहा गोळ्या मारून शून्य तपासतो. मक्याच्या फीडरपुरतंच बघायचं, शंभर यार्डांच्या आत, तर मेहुण्याचं ब्लॅकआउट माझ्यापेक्षा शहाणं निघालं हे मी त्याच्यासमोर सोडून कुठेही कबूल करायला तयार आहे. उघड्या कुरणात, दीडशे-दोनशेला, विशेषतः हरणाला, मी ग्रेंडेलच नेईन.

गेल्या रविवारी साफ करताना एक्स्ट्रॅक्टरच्या नखाच्या कडेला एक टवका उडालेला दिसला. बोटानं चाचपला तर खरखरीत लागतो. रायफल अजून अडली नाहीय, पण मी ती वापरत नाही. ग्रेंडेलचा एक्स्ट्रॅक्टर आमच्या जवळच्या तिन्ही दुकानांत नव्हता. २२३ चा तिन्ही ठिकाणी भिंतीवरच्या खुंटीला लटकत होता, तेरा डॉलर. माझा मागवलाय, तीन आठवडे लागतील म्हणतात.

तोवर या शनिवारी मेहुण्याची ब्लॅकआउट नेतोय. भाडं म्हणून मक्याच्या सहाही गोणी फीडरपर्यंत मी वाहायच्या आहेत.