जुन्या होडीला नवी आउटबोर्ड मोटर: आठ महिन्यांनंतर

माझी होडी १४ फुटी, फायबरची, चाळिशी ओलांडलेली. तिची १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर गेल्या वर्षी थकली. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं आणि सुटे भाग मिळेनात. तिच्या जागी तेवढ्याच ताकदीची, फ्युएल इंजेक्शनवाली फोर-स्ट्रोक बसवून आता आठ महिने आणि ९० तास झाले. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मोटरला लागू आहे. होडी जुनी असेल तर आधी होडी तपासा, मोटर नंतर.

सुरुवात शाफ्टपासून, म्हणजे मोटरपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या लांबीपासून झाली. "जुनी लाँग शाफ्ट होती ना, मग नवीही लाँगच घ्या," असं विक्रेत्याने फोनवर सांगितलं. मीही मोजून बघितलं. ट्रान्समची, म्हणजे मोटर जिच्यावर अडकवतो त्या मागच्या फळीची उंची, वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ २० इंच भरली. लाँग शाफ्टचं माप तेच. पण वरच्या पाच इंचांचा रंग जरा वेगळा दिसत होता. तिथे खरवडलं तर आत लाकडी ठोकळा! आधीच्या कुणा मालकाला लाँग शाफ्टची मोटर मिळाली असणार आणि त्याने होडीच उंच करून घेतली. मूळ ट्रान्सम १५ इंचांचा, शॉर्ट शाफ्टचा. अशा ठोकळ्यावर बसलेली मोटर थ्रॉटल दिला की फळीला जास्त लांबून पिळते.

ठोकळा काढला आणि खरं दुखणं दिसलं. हातोडीच्या मुठीने फळी ठोकत गेलो. कडेला 'टण टण' असा कोरडा आवाज, आणि बोल्टच्या भोकांपाशी आल्यावर एकदम 'थप'. खालच्या भोकात ड्रिल घातलं तर पिवळसर कोरडा भुसा यायच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा बाहेर आला. वरून फायबर चकचकीत आणि आतलं प्लायवुड कुजलेलं. बोल्टभोवतीचं सीलंट सुटलं की पाणी तिथूनच आत शिरतं. आतलं प्लायवुड बदलून घ्यायला मोटर निवडण्यापेक्षा जास्त दिवस गेले, पण त्याशिवाय नवी मोटर टांगणं म्हणजे ती समुद्राला देऊन टाकणं होतं. नवी भोकं पाडताना आधी मोठी पाडली, त्यात घट्ट इपॉक्सी भरलं, सुकल्यावर त्यातूनच बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. आता बोल्टमधून पाणी झिरपलं तरी लाकडाला लागणार नाही.

मग वजन. जुनी मोटर ३६ किलोची, नवी ४५ ची. नऊ किलो म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं होतं. पण ते नऊ किलो होडीच्या अगदी शेपटाला लटकतात. पहिल्याच दिवशी मी टिलरपाशी, म्हणजे मोटर वळवायच्या मुठीपाशी बसलो तर मागच्या निचऱ्याच्या भोकातून पाणी उलटं आत यायला लागलं. पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे नाळेकडे नेले, टिलरला लांब दांडा जोडून मी मधल्या फळीवर बसायला लागलो, तेव्हा होडी सपाट तरंगली. होडीवरच्या प्लेटवर 'कमाल २० हॉर्सपॉवर' लिहिलेलं असलं तरी लक्षात ठेवा, तो आकडा हलक्या टू-स्ट्रोकच्या जमान्यातला आहे. हॉर्सपॉवरआधी किलो बघा.

चालवायला मोटर सुंदर आहे. सावकाश चालवताना शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं, धूर नाही, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही आणि पेट्रोल स्पष्ट जाणवेल इतकं कमी लागतं. थंडीतही दोरीच्या दुसऱ्या ओढीला चालू होते. फक्त काढून ठेवताना दोन माणसं लागतात, आणि आडवी ठेवायची तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कुशीवरच. चुकीच्या कुशीवर ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

पंख्याचं मात्र आधी जमेना. सोबत आलेला पंखा १० पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात हिशेबाने १० इंच पुढे सरकणारा होता. दोघं असताना फुल थ्रॉटलला ५,२०० आरपीएम मिळायचे, तिघं बसलो की ४,७०० आणि होडी पाण्यावर उचललीच जायची नाही. कंपनीने दिलेली मर्यादा ५,००० ते ६,००० ची. त्याखाली इंजिन दमून चालतं, आणि हे नुसत्या कानाला कळत नाही. मी प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा मीटर लावला म्हणून कळलं. पिच एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. ८ पिचचा पंखा घातला, तिघांनिशी ५,१०० झाले आणि होडी उचलली. टॅकोमीटर न लावता मोटरला नावं ठेवू नका.

तिसऱ्या महिन्यात ती मध्येच बंद पडायला लागली. मोटर नवी, पण टाकी आणि नळी मी जुनीच ठेवली होती. पेट्रोल मोटरकडे ढकलायचा नळीवरचा रबरी बल्ब दाबला तरी घट्ट होईना. नळी कापून बघितली तर आतलं अस्तर सुटून सालपटं निघत होती. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला असंच खातं. टाकी, नळी, बल्ब सगळं बदललं, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही.

परत घ्यायची वेळ आली तर मी २० ची घेईन. काही कंपन्या १५ आणि २० एकाच ब्लॉकवर, जवळपास सारख्याच वजनात बनवतात, म्हणजे शेपटावर किलो न वाढवता तिघांसाठी ताकद मिळाली असती. ९.९ ची मोटर एकट्याने हळूहळू मासेमारी करणाऱ्याला पुरेल, मला नाही पुरणार.

गेल्या आठवड्यात गिअरचं तेल बदललं. दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, सील शाबूत आहेत. अ‍ॅनोड, म्हणजे मोटरऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, मात्र अर्धा झिजलाय, खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुऊनही. नवा मागवलाय.