संगीतावर चालणारी घरची रोषणाई: तयार कंट्रोलर, माइकवाला बोर्ड, लॅपटॉप की आखीव सीक्वेन्स?

गणपतीच्या मखराचे किंवा दिवाळीतल्या गॅलरीचे दिवे संगीतावर चालवायचे असतील, तर खरेदीला निघण्याआधी एक गोष्ट ठरवा: संगीत घरात प्रत्यक्ष म्हटलं जाणार आहे की स्पीकरवर लागणार आहे? बहुतेक जण दिवे किती आणि बजेट किती इथून सुरुवात करतात आणि चुकीची वस्तू घेऊन येतात.

घरची आरती टाळ्या-झांजांवर चालते. एखादं कडवं गळतं, शेवटाकडे लय चढते, पाहुणे आले की दोन आरत्या वाढतात. मिलीसेकंदावर आखलेला कार्यक्रम या आरतीच्या मागे धावू शकत नाही. तिथे दिव्यांनाच ऐकता आलं पाहिजे. दिवाळीत रोज सात वाजता तीच तीन गाणी लागणार असतील तर गोष्ट उलटी होते. नुसते ऐकून उजळणारे दिवे दुसऱ्या संध्याकाळी कंटाळवाणे वाटतात. सनई सुरू होताना कंदील एकटाच उजळावा आणि ढोल आला की सगळा कठडा पेटावा, हे माइकला कळत नाही. ते आधी आखावंच लागतं.

घरात पडलेल्या २३० व्होल्टच्या माळा रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) लावून नाचवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो सोडून द्या. साध्या रिलेचं विजेच्या भारासहचं आयुष्य साधारण १ लाख वेळा चालू-बंद इतकं धरलं जातं. सेकंदाला दोन ठोके धरले तर ते १४ तासांत संपतं, आणि तोवर त्याची टकटक ऐकत बसावी लागते. हलते भाग नसलेल्या सॉलिड स्टेट रिलेने टकटक थांबते, पण आठ मोडवाल्या माळेचा स्वतःचा कंट्रोलर दर वेळी वीज आली की पहिल्या मोडपासून सुरू होतो, त्यामुळे ठोका धड बसत नाही. शिवाय पावसाळ्यात, लहान मुलांच्या हाताशी २३० व्होल्टचे उघडे जोड नकोतच.

पुढचे चारही पर्याय कमी व्होल्टच्या पिक्सेल दिव्यांवर चालतात, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या दिव्यांवर. मखरात, जवळून बघण्यासाठी ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी छान दिसते. गॅलरीसाठी १२ व्होल्टचे डब्ल्यूएस२८११ बुलेट पिक्सेल घ्या. ५० च्या माळेत येतात आणि रबरी आवरणामुळे पाऊस सोसतात. १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८११ पट्टी घेताना लक्षात ठेवा, तिच्यात सहसा तीन दिव्यांचा मिळून एक पिक्सेल असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं सुटं मिळतं.

आता वीज. चारही पर्यायांत सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. २०० बुलेट पिक्सेलची गॅलरी धरू. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक पिक्सेल कमाल ६० मिलीअँप धरला तर २०० ला १२ अँप, म्हणजे १४४ वॅट. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ किंवा ५ व्होल्ट करून देणारा डबा, त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा, म्हणून १२ व्होल्ट १५ अँपचा, १८० वॅटचा घ्या. प्रत्यक्षात ३०-४० टक्के उजेडच डोळ्यांना बरा वाटतो आणि प्रवाह पाच अँपच्या आसपास राहतो, पण तारा आणि फ्यूज कमाल आकड्यावरच ठरवा. वीज सुरुवातीला, १०० व्या पिक्सेलनंतर आणि शेवटी अशी तीन ठिकाणी द्या, दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरने, प्रत्येक फांदीला ५ अँपचा फ्यूज लावून. हे केलं नाही तर शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट-लालसर दिसतात, कारण व्होल्टेज पडलं की आधी निळा आणि हिरवा मंदावतो. ५ व्होल्टच्या पट्टीत हा त्रास अवघ्या ५० पिक्सेलनंतर सुरू होतो. दोन एसएमपीएस वापरत असाल तर त्यांचे निगेटिव्ह एकत्र जोडा, पॉझिटिव्ह कधीही नाही. काही एसएमपीएसच्या बाजूला ११०/२२० चा छोटा सरकता स्विच असतो. तो ११० वर राहिला तर आपल्या विजेवर पहिल्याच क्षणी एसएमपीएस जातो. अर्थिंग द्याच, आणि ज्या सॉकेटवरून वीज घेता त्याच्यामागे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे पाहून घ्या.

पहिला पर्याय, माइकवाला तयार कंट्रोलर. डबी, रिमोट किंवा मोबाइल अ‍ॅप, तीन तारा जोडल्या की झालं. दीड दिवसाच्या गणपतीला, सोल्डरिंग येत नसेल तर, हाच घ्यावा. मर्यादाही स्पष्ट आहेत. सगळी माळ एकच तुकडा मानली जाते, त्यामुळे मखराची कमान आणि पाठीमागची प्रभावळ वेगळी चालवता येत नाही. माइकची संवेदनशीलता सहसा एकाच पातळीवर असते. झांजा सुरू झाल्या की सगळे दिवे सतत पूर्ण पेटलेले राहतात.

दुसरा पर्याय, ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर आणि सोबत आयएनएमपी४४१ हा छोटा माइक. प्रत्यक्ष आरतीसाठी याच्याइतकं चांगलं आणि स्वस्त दुसरं काही नाही. बोर्ड पाचशे रुपयांच्या आसपास, माइक त्याहून स्वस्त, आणि डब्ल्यूएलईडी फुकट आहे. ब्राउझरमधूनच यूएसबी केबलने बोर्डावर चढतं. आवाज ओळखण्याची सोय ०.१४ आवृत्तीपासून मूळ डब्ल्यूएलईडीत आली. बोर्ड साधा ईएसपी३२ किंवा एस३ घ्या. ईएसपी८२६६ या जुन्या बोर्डावर माइक चालत नाही. मात्र माइकवाला एक बोर्ड बाकीच्यांना वायफायवरून आवाजाची माहिती पाठवू शकतो, तेव्हा जुना ईएसपी८२६६ दुसऱ्या खोलीत लावता येतो.

साध्या ईएसपी३२ वर जोडणी अशी: माइकला ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड, एल/आर पाय ग्राउंडला, एसडी ३२ वर, डब्ल्यूएस १५ वर, एससीके १४ वर. मग सेटिंग्जमध्ये हेच पिन भरून बोर्ड रीस्टार्ट करा. माइकच्या तारा बोटभर लांबीच्याच ठेवा, एसएमपीएसच्या बाजूने नेऊ नका. दिव्यांची डेटा तार पिन १६ वरून. बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो आणि पिक्सेलला ५ व्होल्टच्या हिशोबाने साडेतीन तरी लागतात. तार लांब झाली की पहिलाच दिवा चुकीच्या रंगात थरथरतो आणि त्यामागची सगळी माळ बिघडते. मध्ये सिग्नल ५ व्होल्टला चढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप घाला, तिच्या आउटपुटला शंभरेक ओहमचा रेझिस्टर लावा.

पहिल्यांदा चालू केल्यावर दिवे अगदी मंद दिसले तर घाबरू नका. डब्ल्यूएलईडीत प्रवाहाची मर्यादा सुरुवातीला ८५० मिलीअँप असते. ती आपल्या एसएमपीएसप्रमाणे वाढवा. लाल मागितला आणि हिरवा आला, तर कलर ऑर्डर बदला: पट्टी बहुधा जीआरबी असते, बुलेट आरजीबी. इफेक्टच्या यादीत सुरांची खूण असलेले इफेक्टच आवाजावर चालतात. आरतीला ग्रॅव्हसेंटर चांगला. तो मधून दोन्ही बाजूंना उठतो, कमानीवर शोभतो. ढोल-ताशाला कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा इफेक्ट निवडा, ढोलाचा ठोका सुटा दिसतो. खोलीत शांतता असूनही दिवे लुकलुकत असतील तर माइक पंखा ऐकतो आहे, स्क्वेल्च (ज्याखालचा आवाज सोडून द्यायचा ती पातळी) वाढवा. मखराचे तीन-चार सेगमेंट (वेगळे चालणारे तुकडे) पाडून मूर्तीमागचा उजेड स्थिर, उबदार ठेवा आणि फक्त कमान आवाजावर सोडा. मूर्तीच्या चेहऱ्यावर रंग बदलत राहिले की दर्शन नीट होत नाही.

तिसरा पर्याय, लॅपटॉपवर लेडएफएक्स हा प्रोग्राम. हे लॅपटॉपवर वाजणारं संगीत थेट आतूनच ऐकतं आणि वायफायवरून डब्ल्यूएलईडीवाल्या बोर्डांना रंग पाठवतं. खोलीतला गोंगाट, फटाके यांचा काही परिणाम नाही, आणि कोणतंही गाणं लावा, तयारी शून्य. घरी पाहुणे जमून फर्माइशी होणार असतील तर हाच. पण लॅपटॉप सगळा वेळ अडकतो, आणि ब्लूटूथ स्पीकर वापरला तर आवाज दिव्यांच्या मागे पडतो, सहज पाव सेकंदाच्या आसपास. तेवढ्याने ठोका चुकलेला सगळ्यांना जाणवतो. स्पीकर तारेनेच जोडा. मॅकवर आतला आवाज पकडायला ब्लॅकहोलसारखं आभासी ऑडिओ साधन आधी बसवावं लागतं.

चौथा पर्याय एक्सलाइट्स आणि फाल्कन प्लेअर. दोन्ही फुकट, पहिल्यात कार्यक्रम आखायचा, दुसरं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसून रोज ठरल्या वेळी तो वाजवतं. ही साधनं अमेरिकेतल्या ख्रिसमसच्या रोषणाईतून वाढली, म्हणून तयार मॉडेल्समध्ये झाडं, कमानी आणि खिडक्यांच्या चौकटी भरपूर आहेत. आपल्या आकाशकंदिलासाठी कस्टम मॉडेल काढावं लागतं: चौकटींच्या कागदावर पिक्सेलचे क्रमांक ज्या क्रमाने तार फिरली त्या क्रमाने भरायचे. कंदील बांधतानाच तारेचा फोटो काढून ठेवा.

यातलं खरं काम गाण्यावर खुणा पाडण्याचं. आपोआप ठोके शोधणारी सोय सरळ चार मात्रांच्या गाण्यावर बरी चालते. ताशाच्या तोडांवर गोंधळते. गाणं चालू ठेवून टी ही कळ दाबत स्वतः खुणा पाडणं जास्त खात्रीचं. एमपी३ स्थिर बिटरेटचा घ्या. बदलत्या बिटरेटची फाइल गाण्याच्या शेवटापर्यंत हळूहळू सरकते. नवख्या माणसाने तीन मिनिटांच्या गाण्याला दोन-तीन रविवार धरावेत. म्हणून पूर्ण गाण्याऐवजी ९० सेकंदांचा तुकडा घ्या.

आकडे पाहा: प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल, म्हणजे २०० पिक्सेलचे ६००; ई१.३१ या नेटवर्कवरून दिव्यांची माहिती पाठवायच्या पद्धतीत १७० पिक्सेलचा एक गट (युनिव्हर्स) याप्रमाणे दोन युनिव्हर्स. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद, २०० ना ६ मिलीसेकंद; २५ मिलीसेकंदांच्या फ्रेममध्ये आरामात बसतं. एका डेटा तारेवर ८०० च्या पुढे गेलात तर ४० फ्रेम मिळत नाहीत, दुसरी तार काढा. पाठवायला डीडीपी ही दुसरी पद्धत निवडा. मल्टिकास्टवरचं, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेलं, ई१.३१ वायफायवर अडखळतं, आणि सोसायटीत वीस राउटर शेजारी असताना २.४ गिगाहर्ट्झवर दिवे मध्येच गोठतात. या पर्यायात लॅन पोर्टवाला ईएसपी३२ बोर्ड घ्या आणि केबल ओढा. त्रास मुळातूनच जातो. रास्पबेरी पाय ५ ला हेडफोनचा जॅक नाही, यूएसबी साउंड कार्ड लागेल. ३ आणि ४ च्या मोठ्या बोर्डांना आहे. आवाज आणि दिवे थोडे मागेपुढे असतील तर फाल्कन प्लेअरमधल्या ऑफसेटमध्ये मिलीसेकंद भरून जुळवा. समोरच्या रस्त्यावर उभं राहून, कारण लोक तिथूनच बघणार आहेत.

तर निवड अशी. दीड-पाच दिवसांचा गणपती, प्रत्यक्ष आरती: डब्ल्यूएलईडी आणि माइक, किंवा सोल्डरिंग न येणाऱ्यासाठी तयार डबी. पाहुण्यांची, गाण्यांची दिवाळी: तेच बोर्ड, माइकऐवजी लेडएफएक्स. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील ठेवणारं घर, रस्त्यावरून दिसणारी गॅलरी आणि हाताशी श्रावणापासूनचे रविवार असतील तरच एक्सलाइट्स. यात एक सोय आहे: दुसऱ्या पर्यायासाठी घेतलेले दिवे, एसएमपीएस आणि बोर्ड पुढच्या दोन्हींना चालतात, चौथ्यात फक्त बोर्ड लॅनवाला घेणं बरं. म्हणून शंका असेल तर यंदा डब्ल्यूएलईडीने सुरुवात करा. पहिल्या पर्यायातली तयार डबी मात्र पुढे उपयोगाची नाही.

गॅलरीतला कार्यक्रम बाहेर ऐकू जाणार असेल तर आवाजाचं बघा. अमेरिकेत लोक गाडीतल्या रेडिओवर गाणं ऐकवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करू नये. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. शेड्युलमध्ये शेवटचा खेळ साडेनऊला ठेवा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पूर्ण पांढरी उघडझाप टाळा. फिट येणाऱ्या माणसाला तिचा त्रास होऊ शकतो.

गणपतीच्या दिवसांत गॅलरीत लावत असाल तर जाळीचा एसएमपीएस घरातच ठेवा आणि फक्त १२ व्होल्टची तार बाहेर न्या. बाहेरच्या जंक्शन बॉक्सला ग्लँड (तार आत घेणारं घट्ट बूच) खालच्या बाजूने घ्या आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोळातून गळून पडतं. माळांचे जोड चिकटपट्टीने नाही, आत गोंद असलेल्या हीट श्रिंकने बंद करा. उतरवताना प्रत्येक माळेच्या सुरुवातीच्या टोकाला रंगीत टेप लावा. डेटा एकाच दिशेने जातो, आणि पुढच्या वर्षी उलटी लावलेली माळ काहीही बिघडलेलं नसताना पेटत नाही.