लाकडी क्युझिनेअर पट्ट्या : कोल्हापूरच्या एका पावसाळ्यानंतर

शाळा व्यवस्थापन समितीने मार्चअखेरच्या खरेदीत घेतलेला क्युझिनेअर पट्ट्यांचा लाकडी संच मी वर्षभर तिसरीच्या वर्गात वापरला. या रंगीत पट्ट्या एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि प्रत्येक रंग एक संख्या दाखवतो : पांढरा घन १, लाल २, जांभळी ४, काळी ७, नारिंगी १०. आता थेट तक्रारीवर येते. ऐन पावसाळ्यात, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या सुमारास, दहा पांढरे तुकडे नारिंगी पट्टीला लावून ठेवले की ते दीड-दोन मिलिमीटर पुढे येऊ लागले.

हा दोष मी किरकोळ मानत नाही. या पट्ट्यांवर आकडे नसतात, खुणाही नसतात. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्युझिनेअर यांनी त्या तयार केल्या तेव्हापासून त्यांचे सारे बळ लांबी म्हणजेच संख्या या एका गोष्टीत आहे. दहा एकक मिळून एक दशक होतो हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे, बोटांनी चाचपावे आणि मगच हातच्याच्या बेरजेकडे वळावे, यासाठीच तर हे साहित्य घ्यायचे. ‘बाई, दहा सुटे दशकापेक्षा जास्त होतात,’ असे एका मुलीने सांगितले, तेव्हा तिचे निरीक्षण अचूक होते आणि साहित्य खोटे बोलत होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. लाकूड नैसर्गिक असल्याने हे वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर आले; पुन्हा लिहिल्यावर अर्ध्या किमतीत नवा संच देण्याची तयारी दाखवली. तेच लाकूड, तोच पाऊस. त्यासाठी समितीचे पैसे पुन्हा का खर्चावेत?

दमट हवेत लाकूड फुगते ते तंतूंना आडव्या दिशेने. तंतूंच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ वाढत नाही. लांब पट्ट्या तंतूंच्या दिशेने कापलेल्या असल्यामुळे लांबीला बिनचूक राहिल्या, परंतु पांढरा घन मुले कसाही ठेवतात आणि प्रत्येक तुकड्याची थोडीथोडी वाढ साठत जाते. तंतू पाहून सगळे तुकडे एका दिशेने लावले तर ते जुळतात, हे आम्ही करून पाहिले. पण आठ वर्षांच्या मुलांनी बेरीज करताना तंतू पाहायचे का? शेवटी उद्यमनगरातील एका कारागिराकडून दहा मिलिमीटरच्या चौकोनी अ‍ॅल्युमिनियम सळीचे तुकडे कापून, कडा कानशीने घासून घेतले. कंपनीच्या त्या अर्ध्या किमतीपेक्षाही हे काम स्वस्तात झाले. दहा नारिंगी पट्ट्या शेजारी ठेवून होणारा शंभराचा चौरस मात्र पावसाळ्यात एका बाजूने रुंदच राहिला, म्हणून तो भाग दिवाळीनंतर घेतला.

एवढे असूनही संच मी कपाटात टाकला नाही, आणि त्याबद्दलचे माझे मत हिवाळ्यात बरेच बदलले. नारिंगी आणि लाल पट्टी जोडून झालेल्या बाराच्या खाली तेवढ्याच लांबीच्या, एकाच रंगाच्या पट्ट्यांच्या रांगा जुळवताना मुलांना २, ३, ४ आणि ६ सापडले. काळ्या पट्टीखाली पांढऱ्यांशिवाय काहीच बसेना, तेव्हा वर्गाने आपणहून आणखी अशा ‘हट्टी’ पट्ट्या शोधल्या आणि मूळ संख्या हा शब्द माझ्याकडून ऐकण्याआधीच २, ३ आणि ५ बाजूला काढल्या. जांभळीची अर्धी लाल आणि लालची अर्धी पांढरी, हे फळ्यावर शिकवताना लागणारा वेळ येथे लागला नाही.

कंपनीने पांढरे तुकडे प्लास्टिकचे दिले, तर दुसरीसाठी याच संचाची मागणी मी समितीपुढे ठेवीन. तोवर लाकडी संच घेणाऱ्यांनी एककांसाठी धातूच्या तुकड्यांचा खर्च किमतीत आधीच धरावा.