रोजची सहा पानं की एकदम बेचाळीस?
वजाबाकीत कच्ची मुलं, सात तासिका, ४२ पानं. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांच्या १९८१ च्या प्रयोगात काहींना ‘दर तासिकेला किमान सहा पानं’ असं सुचवलं, काहींना ‘शेवटपर्यंत सगळी ४२’. काम तेच, पण सहा पानांवाल्यांची वजाबाकी जास्त सुधारली, आत्मविश्वास वाढला, गोडीही लागली. दूरच्या ध्येयाचा वेगळा फायदा दिसला नाही. बेचाळिसातली पाच झाली तरी ‘अजून केवढं उरलंय’ हेच डोळ्यांपुढे राहतं. सहाचा टप्पा मात्र त्याच दिवशी पुरा होतो, ‘मला जमतंय’ याचा पुरावा हाती येतो.

घरी टप्पे पाडताना आधी दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मधे शून्य असलेली सगळ्यात शेवटी (५०३ − २७८ सारख्या गणितात बरीच मुलं अडकतात). टप्पा फारच सोपा ठेवलात, तर ती नुसती पानं भरण्याची हमाली.