सिस्टरांना पाच स्टार, काउंटरला दोन

लातुरात औसा रोडच्या बाजूला बायकांचा एक दवाखाना आहे, त्याचा हा अनुभव.

गंजगोलाईजवळच्या साड्यांच्या दुकानात मी नऊ वर्षांपासून आहे. लग्नसराईत सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर. बाथरूम मागच्या कॉम्प्लेक्समध्ये आणि चावी शेठच्या गल्ल्यात. गिऱ्हाईकांसमोर चावी मागायची लाज वाटते, म्हणून आम्ही बाया पाणीच कमी पितो. मार्चमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पी. प्याले. मग एका मेडिकलवरून न विचारता पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या डब्यात गेल्या. महिन्यानं दुखणं परत हजर. रात्रीतून सात-आठदा उठायचं आणि चार थेंब व्हायचे.

आधी वाईट सांगते. काउंटरवरच्या पोरानं भरल्या बाकड्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "काय त्रास आहे?" मी पोट दुखतंय म्हणाले. दुसरं काय सांगणार? फी 300 रुपये, नंबर 17, बसणं दीड तास.

पण डॉक्टर मॅडमच्या आधी तिथं सिस्टर बघतात. त्यांनी पडदा ओढला, आमच्या ह्यांना "दादा, जरा बाहेर थांबा" म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "ताई, लघवीचं दुखणं हाय ना? कवापासून व्हायलंय?" मी न सांगताच ओळखलं, तिथंच निम्मा जीव खाली पडला. थंडी वाजून ताप आला का, उलटी झाली का, लघवीत रक्त दिसलं का, अंगावरून पांढरं जातं का, पाळीची तारीख, दिवस राहिल्याची शंका, शुगर, कुठल्या गोळीची अॅलर्जी, संबंधानंतर त्रास वाढतो का, सगळं हळू आवाजात विचारलं. ताप, बीपी बघितलं. पाठीत बरगड्यांच्या खाली दोन्ही बाजूंनी मुठीनं हलकं ठोकून बघितलं. तिथं दुखलं असतं तर किडनीपर्यंत गेल्याचा संशय, म्हणाल्या. मेडिकलच्या गोळ्यांचं सांगितलं तेव्हा रागावल्या नाहीत, फक्त कागदावर लिहून त्याखाली रेघ मारली.

मग बाटली. मी आजवर सरळ भरून द्यायचे. सिस्टर म्हणाल्या, आधी जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडा, मधली बाटलीत धरा, शेवटची परत सोडा. बाटलीच्या आत बोट लावू नका, झाकण उताणं ठेवा. नाहीतर कातडीवरचे जंतू बाटलीत उतरतात आणि रिपोर्ट फसतो. कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांना कुठली गोळी लागू पडते ते बघायच्या तपासणीचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला आणि त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की डॉक्टर मॅडमनी चालू केलेली गोळीच लागू पडतेय, एकही चुकवू नका. गोळी जेवणावर घ्यायची आणि लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी घाबरून बंदच केली असती.

डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, पण तीन मिनिटांत उरकतात.

मला आवडलं ते शेवटचं. बायकांचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, आतड्यातले जंतू वर चढायला वेळ लागत नाही, म्हणून धुताना-पुसताना हात पुढून मागं, संबंधानंतर लघवीला जायचं, सुगंधी वॉश नको, हे सांगून झालं. मग सिस्टरांनी माझा दुकानाचा दिवसच आखून दिला. दुकान उघडताना एक तांब्या, बाराला, चारला, सातला. दर तीन तासांनी लघवीला जायचंच, लागो न लागो. किडनी-हृदयाचं दुखणं असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांना विचारून, असंही म्हणाल्या. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं बघितलेलं गाव आमचं, पाणी जपून प्यायची सवयच लागलीय, त्यावर त्या हसल्या. थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलट्या, यातलं काही झालं तर रात्र असली तरी या, हे दोनदा बजावलं.

त्यांनी दिलेला छापील कागद मात्र इंग्रजीत. मी त्याच्या पाठीवर वेळा लिहून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तो कागद शेठसमोर ठेवला आणि चावी गल्ल्यातून काढून मागच्या खिळ्याला टांगून घेतली.