दोन नावांचा एक शब्द: पत्त्यांच्या एका खेळाविषयी

नावांचे दोन पत्ते उचलून त्यांचा एकच शब्द घडवायचा आणि इतरांनी मूळ जोडी ओळखायची, एवढाच हा खेळ असला, तरी २१ जुलै २०२३ रोजी एकाच दिवशी झळकलेल्या ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ या दोन चित्रपटांच्या नावांचे चाहत्यांनी केलेले ‘बार्बेनहायमर’ ज्यांना आठवते, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. खरी गंमत सांध्यात आहे. ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली या हॉलिवूडच्या एकेकाळच्या जोडप्याच्या ‘ब्रँजेलिना’त अँजेलिना जवळजवळ अखंड राहते आणि ब्रॅडच्या वाट्याला जेमतेम ‘ब्र’ येतो (तोही त्याने तक्रारीसाठी वापरला नसावा), तरीही दोघे चटकन ओळखू येतात. ‘कॉस्प्ले’सारखे (‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’, म्हणजे आवडत्या पात्राची वेशभूषा करणे) रुळलेले शब्द मात्र पत्त्यांतून वगळायला हवे होते, कारण तिथे डोके चालवावे लागत नाही. खेळासोबतचे वाळूचे घड्याळ फार लवकर रिकामे होते. ते बाजूला ठेवून खेळणे उत्तम.